टोळीची लेकरे आणि आपल्या गावची शाळा

— ऊस विकास अधिकारी, शेतकी खाते



दर अंकात बेणे, खत, पाणी याविषयी लिहायचे असा आपला परिपाठ आहे. खोडव्यातील पाचटावरचा लेख तयारही आहे, तो पुढच्या अंकात देतो. यावेळी शाळेविषयी लिहायचे ठरविले. ऊस विकास अधिकाऱ्याचा आणि शाळेचा काय संबंध, असे कोणी विचारील. संबंध आहे. आपला गाळप हंगाम आणि शाळेचे दुसरे सत्र दिवाळीनंतर बरोबरच सुरू होते. त्या दोहोंच्या मध्ये जी लेकरे सापडतात ती आपल्याच फडाच्या बांधावर बसलेली असतात.

आपला यवतमाळ जिल्हा कापसाचा. ऊस म्हणावा तो दक्षिणेकडच्या पुसद, उमरखेड, महागाव या पट्ट्यात, पैनगंगा आणि पूस नदीच्या काठाने व इसापूर धरणाच्या कालव्याचे पाणी जिथे फिरले तिथे. याच पट्ट्यात बंजारा तांडेही पुष्कळ. वरच्या माळाची हलकी जमीन, एक पावसाचे पीक, पुढे काम नाही. म्हणून दिवाळी झाली की तांडे रिकामे होतात. काही टोळ्या आपल्याच कार्यक्षेत्रात कोयता धरतात, काही पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकापर्यंत जातात. आपल्याकडे बाहेरच्या जिल्ह्यांतूनही टोळ्या येतात. म्हणजे आपल्या तालुक्यांत शाळा सोडून जाणारी लेकरे आहेत आणि शाळा सोडून आलेली लेकरेही आहेत. दोन्हीकडून प्रश्न आपल्याच दारात.

ज्यांना वाटते की शाळा हे सरकारचे काम, आपण सहकारी संस्थेची माणसे, आपल्याला काय त्याचे, त्यांच्यासाठी थोडा मागचा इतिहास सांगतो. तो आपल्या मातीतलाच आहे. पुसद तालुक्यातील गहुलीचे वसंतराव नाईक हे 1960 साली राज्याचे महसूलमंत्री होते. राज्यकारभार खालपर्यंत कसा न्यावा हे ठरविण्यासाठी जी समिती नेमली तिचे तेच अध्यक्ष. समितीने 1961 च्या मार्चमध्ये अहवाल दिला, त्यात 226 शिफारशी होत्या. दिल्लीच्या बलवंतराय मेहता समितीने तालुक्याच्या पंचायत समितीवर भर दिला होता. नाईक समितीने जिल्हा परिषद बळकट करा असे सांगितले. त्याप्रमाणे 1961 चा कायदा झाला आणि 1 मे 1962 पासून जिल्हा परिषदा सुरू झाल्या. प्राथमिक शाळा तेव्हापासून जिल्हा परिषदेकडे आहेत. म्हणजे महाराष्ट्रातल्या गावोगावच्या शाळेची पाटी ज्या रचनेतून आली ती आपल्या तालुक्यातल्या एका तांड्यावरच्या माणसाच्या हातून गेलेली आहे. त्यांचे स्वतःचे प्राथमिक शिक्षण एका जागी झाले नाही. तांड्यावर शाळाच नव्हती, म्हणून वेगवेगळ्या गावी राहून शिकावे लागले, मग नागपूरला हायस्कूल आणि मॉरिस कॉलेज.

त्याच्याही आधी शेजारच्या अमरावतीत डॉ. पंजाबराव देशमुख 1928 साली जिल्हा कौन्सिलचे अध्यक्ष झाले तेव्हा त्यांनी प्राथमिक शिक्षण सक्तीचे करण्याचा आग्रह धरला आणि त्यासाठी कर वाढवायलाही मागेपुढे पाहिले नाही. शेतकऱ्याच्या पोराने शिकावे म्हणून शेतकऱ्यावरच कर बसवायचा, हे तेव्हाच्या लोकांना गोड वाटले नसणार. पण वऱ्हाडात बहुजनांची पोरे पुढे शिकली ती अशा माणसांमुळे. साखर कारखान्यांचे म्हणाल तर प्रवरानगरला विठ्ठलराव विखे पाटलांनी सहकारी कारखाना उभा केला आणि मागोमाग शिक्षणसंस्थाही उभी केली. वारणानगरला तात्यासाहेब कोऱ्यांनी मुलांचा वाद्यवृंद काढला, तो देशभर वाजला. कारखान्याने शाळेकडे पाहणे हा काही नवा शौक नव्हे.

आता गावच्या शाळेचे वर्ष कसे चालते ते पाहू. आपल्यापैकी अनेकांचे शाळेत जाणे झेंडावंदनापुरते असते, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

विदर्भातल्या शाळा बाकी राज्याच्या मागाहून उघडतात, कारण आपल्याकडचे ऊन. सन 2025 मध्ये इतरत्र शाळा 16 जूनला उघडल्या, आपल्याकडे 23 जूनला. तोवर मृग निघून गेलेला असतो, पाऊस झाला असेल तर गावात पेरणीची घाई असते. पहिल्या दिवशी प्रवेशोत्सव, प्रभातफेरी, पहिलीत येणाऱ्या पोरांना कुठे बैलगाडीत बसवून आणतात. बालभारतीची पुस्तके त्याच दिवशी हातात पडतात. मग पंधरवडाभर वर्गात निम्मीच पोरे, कारण सरकी टोबायला आणि निंदणाला घरी माणूस कमी पडते. पोळा, तान्हा पोळा, गणपती होईतो शाळा रंगात येते. दसऱ्याच्या सुमारास कापूस फुटतो आणि चौथी-पाचवीच्या पुढच्या मुली वेचणीला जाऊ लागतात. किलोमागे मजुरी मिळते, त्यामुळे दोन लहान हातांचीही किंमत होते. सहामाही परीक्षा होते, दिवाळीची सुटी लागते आणि सुटी संपते तेव्हा तांड्यावरच्या शाळेत गुरुजी हजेरी घेतात तर पाच-सहा आवाज येतात.

सप्टेंबरच्या 30 तारखेला एक महत्त्वाची गोष्ट घडते. त्या दिवशीच्या पटावर शाळेची संचमान्यता होते. म्हणजे शाळेला किती शिक्षक द्यायचे ते त्या दिवसाच्या संख्येवर ठरते. शिक्षण हक्क कायद्याच्या परिशिष्टात पहिली ते पाचवीसाठी 60 मुलांपर्यंत दोन शिक्षक, 61 ते 90 ला तीन, 91 ते 120 ला चार असे प्रमाण दिले आहे. आपली टोळी येते नोव्हेंबरात. तोवर गणती होऊन गेलेली. ज्या गावातून लेकरे जातात तिथे ती पटावर असतात पण वर्गात नसतात. ज्या गावाच्या शिवारात ती पाच महिने राहतात तिथे ती दिसतात पण पटावर नसतात. कागदावर लेकरू एकीकडे, अंगाने दुसरीकडे. उसाची नोंद एका गटात आणि तोड दुसऱ्या गटात निघाली तर आपण काट्यावर किती आरडाओरड करतो! इथे कोणी ओरडत नाही.

शाळेचे वर्ष लहान वर्गांना किमान 200 दिवसांचे आणि सहावी ते आठवीला 220 दिवसांचे असावे असे तोच कायदा सांगतो. नोव्हेंबर ते मार्च हे पाच महिने धरा. रविवार आणि सणवार वजा करून शंभराच्या वर दिवस शाळेचे निघतात. टोळीबरोबर गेलेल्या मुलाचे अर्धे वर्ष बुडाले. उसाच्या भाषेत सांगायचे तर उगवण उत्तम, फुटवे चांगले, बाळबांधणी झाली आणि नंतर पाच महिने पाण्याची एक पाळी नाही. असा ऊस एखाद्या सभासदाने ठेवला तर आपण त्याला काय म्हणू? आणि असे सलग तीन-चार वर्षे झाले की सातवीतले पोर तिसरीचे पुस्तक अडखळत वाचते. त्याला स्वतःलाच वर्गात बसायची लाज वाटू लागते. मग तो पंधराव्या-सोळाव्या वर्षी कोयता धरतो. आपल्याकडे नवरा-बायको मिळून एक कोयता मोजतात, त्यामुळे मुलीचे लग्नही लवकर उरकले जाते. मुकादमाच्या उचलीचा हिशेब त्या लग्नातच सुरू होतो.

फडावरचे दृश्य आपण रोज पाहतो, पाहून पाहून दिसेनासे झाले आहे इतकेच. पहाटे तीन-चारला उठून आईबाप फडात. आठ-नऊ वर्षांची मुलगी कोपीपाशी, कडेवर धाकटे भावंड. पाणी तीच आणते, भाकरी राखते, दुपारून वाढ्यांच्या पेंड्या बांधायला जाते. रात्री ट्रॅक्टर भरायचा असला की लेकरे पाचटावरच झोपलेली. टायरगाडी मागे घेताना, ट्रॉली वळवताना काय होऊ शकते ते वेगळे सांगायला नको. साप-विंचू आहेतच. गेल्या काही वर्षांत राज्यातल्या ऊसपट्ट्यांत बिबट्याही आला आहे.

यंत्राने तोडणी सुरू झाली की हा प्रश्न मिटेल असे पुष्कळजण म्हणतात. मला ते इतक्यात घडेलसे वाटत नाही. यंत्राला रुंद सरीची लागण लागते, लांब तास लागते, मोठा सलग तुकडा लागतो. आपल्याकडे एकर-दीड एकराचे तुकडे, मध्ये बांध, वर विजेची तार. अशा शिवारात अजून बरीच वर्षे कोयताच चालणार आहे. तेव्हा यंत्राची वाट पाहत बसण्यात अर्थ नाही.

मागे एका हंगामात मी एका मुकादमाला विचारले की टोळीत शाळेच्या वयाची किती लेकरे आहेत. त्याला कोयते किती, गाड्या किती, उचल किती हे तोंडपाठ होते. लेकरांचा आकडा मात्र सांगता येईना. म्हणाला, "साहेब, त्याची काय मोजदाद ठेवायची? मायबापासंगं येतेत, मायबापासंगं जातेत." मग जरा थांबून म्हणाला, "पन तुम्ही म्हनता तं मोजतो." दुसऱ्या दिवशी त्याने एका चिठ्ठीवर आकडा आणून दिला. अठरा कोयत्यांच्या टोळीत चौदा लेकरे सहा ते चौदा वयाची निघाली. त्यातली अकरा दिवाळीपर्यंत शाळेत जात होती. कोपीत एकीचे दप्तरही होते, वरच्या आड्याला टांगलेले, उंदरांपासून राखलेले. "दप्तर काहून आणलं गं इकडे?" विचारले तर आईनेच उत्तर दिले, "तिनं सोडलंच नाही साहेब, तिथं ठेव म्हनलं तरी."

त्या गावची शाळा कोप्यांपासून पाऊण किलोमीटरवर होती. पण तिथे जाऊन बसायचे असते हे आईबापांना कोणी सांगितले नव्हते, आणि ती लेकरे इथे आहेत हे शाळेला कोणी कळविले नव्हते. या दोघांच्या मध्ये ज्यांना दोन्हीकडचे ठाऊक होते असा एकच माणूस होता, तो म्हणजे आपला गटाचा कर्मचारी, जो रोज स्लिपा घेऊन फडावर जातो आणि शाळेवरूनच जातो.

कायदा काय म्हणतो ते सभासदांना माहीत असावे म्हणून लिहितो. मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क देणारा कायदा 2009 साली झाला आणि 1 एप्रिल 2010 पासून लागू आहे. सहा ते चौदा वयाच्या प्रत्येक मुलाला तो लागू आहे, मग ते मूल कोणत्या गावचे असो. मुलाला त्याच्या वयाप्रमाणे वर्गात बसवायचे, मागे पडले असेल तर वेगळी शिकवणी द्यायची. एका शाळेतून दुसरीकडे जाता येते आणि दाखला मिळायला उशीर झाला म्हणून प्रवेश अडवता येत नाही. वयाचा पुरावा नाही म्हणूनही अडवता येत नाही. वर्षाच्या मध्येच आले म्हणूनही नाही. म्हणजे जानेवारीत एखादे लेकरू शाळेच्या दारात उभे राहिले तरी त्याला आत घ्यावेच लागते. याशिवाय बाहेरगावी जाणाऱ्या मुलांना मूळ शाळेने शिक्षण हमी पत्रक द्यावे, म्हणजे नव्या शाळेतल्या गुरुजींना ते कुठवर शिकले ते कळेल, अशीही सोय आहे. टोळी निघताना ते पत्रक किती जणांच्या हाती पडते हा निराळा विषय.

साखरशाळा हा शब्द जुन्या सभासदांना आठवत असेल. कारखान्याच्या तळावर हंगामापुरती शाळा भरवायची, असा तो प्रयोग राज्यात पुष्कळ ठिकाणी झाला. चांगली माणसे त्यात राबली. पण तळ आज इथे, उद्या तिथे. शिक्षक हंगामी, आणि तिथल्या शिकण्याची मूळ शाळेत धड नोंद होत नसे. नवा कायदा आल्यावर वेगळ्या शाळेऐवजी जवळच्या नेहमीच्या शाळेत मुलांना बसवावे असा कल झाला. दुसरा मार्ग हंगामी वसतिगृहाचा. आईबाप गेले तरी लेकरू गावातच राहील, जेवण शाळेत होईल, रात्री आजीकडे किंवा नातेवाइकांकडे झोपेल. माझ्या मते यातला हा मार्ग सर्वांत शहाणपणाचा आहे, कारण त्यात लेकराची शाळाही बदलत नाही आणि गुरुजीही. पण त्यासाठी तांड्यावर जबाबदार म्हातारे माणूस लागते आणि मुलगी वयात आलेली असली की आई तिला मागे ठेवायला धजत नाही. त्या आईला दोष देता येत नाही. तिच्या जागी आपण असतो तर आपणही धजलो नसतो.

ऊसतोड कामगारांच्या कल्याणासाठी गोपीनाथ मुंडे यांच्या नावाचे महामंडळ राज्यात आहे. त्यासाठी गाळपाच्या दर टनामागे 10 रुपये कारखान्यांनी द्यायचे आणि तेवढेच शासनाने, असे ठरलेले आहे. त्यातून संत भगवानबाबांच्या नावाने 41 तालुक्यांत 82 वसतिगृहांची योजना 2021 मध्ये मंजूर झाली. तेव्हा सभासद बंधूंनो, या कामासाठी आपल्या उसाच्या टनामागून पैसा निघतो आहे. त्याचे काय होते हे वार्षिक सभेत विचारण्याचा आपल्याला पूर्ण अधिकार आहे. रिकव्हरीवर आपण जितके प्रश्न विचारतो त्यातला एखादा इकडे वळवावा.

गुरुजींची बाजूही ऐकली पाहिजे. एका दोनशिक्षकी शाळेतल्या मुख्याध्यापकांनी मला सरळ सांगितले, "पाठवा हो, पण नुसते पाठवून मोकळे होऊ नका." त्यांच्या अडचणी खऱ्या आहेत. पाच वर्ग आणि दोन शिक्षक. त्यातला एक महिन्यातून कितीदा तरी बैठकीला, मतदार यादीच्या कामाला. पोषण आहाराची संख्या रोज मोबाईलवरून भरावी लागते आणि लहान मुलाला 100 ग्रॅम, मोठ्याला 150 ग्रॅम तांदूळ या हिशेबाने माल येतो. अचानक दहा ताटे वाढली की मापाची पंचाईत. टोळीचा फड हलला की पोरे सांगून न जाता नाहीशी होतात. आणि भाषा. बंजारा लेकरू घरी गोरमाटी बोलते. आईला ते याडी म्हणते, भाकरीला बाटी. पहिलीच्या वर्गात आई आणि भाकरी हेच दोन शब्द परके निघाले तर ते गप्प बसते आणि गुरुजींना वाटते की याला काही येत नाही. आपल्याच तांड्यावरच्या शाळांत वर्षानुवर्षे शिकवणाऱ्या काही बाई-गुरुजींना गोरमाटी येते, गोंडी-कोलामी समजणारेही आहेत. अशांच्या वर्गात पोरे बोलतात. हा फरक कोणत्याही फलकावर लिहिलेला नसतो, पण वर्गाच्या दारात उभे राहिले की ऐकू येतो.

वर सांगितलेल्या टोळीतली अकरा लेकरे त्या हंगामात शाळेत बसली. सगळी टिकली नाहीत, दोघे-तिघे आठवडाभरात परत फडावर. दप्तरवाली मुलगी मात्र रोज जायची, फक्त धाकट्या भावाला घेऊन. बाईंनी आठ दिवस त्याला वर्गात बसू दिले, मग अंगणवाडीत नेऊन सोडले. पूरक आहार, दुपारची झोप तिथेच. अंगणवाडी 1975 पासून आहे आणि टोळीच्या लेकरालाही तिथे बसता येते, हे आईला तोवर ठाऊक नव्हते. मोठीची शाळा होते की नाही हे बहुतेक वेळा धाकट्याला कोण सांभाळतो यावर असते. नुसते मोठ्या मुलांचे नाव घातले आणि लहानाची सोय केली नाही तर चार दिवसांत वर्ग रिकामा होईल, हे माझे पाहण्यातले आहे.

आता आपल्या स्वतःच्या लेकरांकडे वळतो. हे थोडे कडू लागेल. सकाळी गावाच्या फाट्यावर पिवळ्या व्हॅन उभ्या असतात. पुसद, उमरखेडच्या इंग्रजी शाळांत आपली मुले जातात. ज्याला परवडते त्याने पाठवावे, त्याला माझी ना नाही, माझेही भाऊबंद पाठवतात. पण त्यामुळे गावच्या शाळेत राहिली ती मजुराची, तांड्यावरची, भूमिहीनाची पोरे. गावातल्या वजनदार माणसाचे पोर शाळेत नसले की गळक्या छताची तक्रार पंचायत समितीपर्यंत जात नाही. गुरुजी रजेवर गेले तर विचारणारा नाही. पट घटतो. राज्यात 20 पेक्षा कमी पटाच्या 14,783 शाळा असल्याचा आकडा 2023 साली शिक्षण खात्याने दिला आणि पानशेत व तोरणमाळच्या धर्तीवर अशा शाळा एकत्र करून समूह शाळा करण्याचा विचार पुढे आला. त्याला बराच विरोध झाला. पण पट घटत राहिला तर हा विचार पुन्हा पुन्हा येणार हे समजून चालावे. मोठ्या शाळेत जास्त शिक्षक, जास्त वर्गमित्र, हे खरे आहे. पण पहिली-दुसरीच्या पोराला पावसाळ्यात नाला ओलांडून तीन गावे पलीकडे पाठवायला किती आया तयार होतील? मुलींची शाळा तर तिथेच सुटेल. पहिली ते पाचवीची शाळा एक किलोमीटरच्या आत असावी असे जे ठरले ते लहान पाय किती चालतात हे पाहूनच ठरले.

गावची शाळा जिवंत राहायची असेल तर शाळा व्यवस्थापन समितीकडे लक्ष द्या. तिच्यात 75 टक्के सदस्य पालक असावे लागतात आणि निम्म्या महिला. बहुतेक गावांत ही समिती गुरुजींनी घरोघरी वही फिरवून सह्या घेतलेली असते. आपल्या सोसायटीच्या निवडणुकीला पॅनल उभी राहतात, रात्री जागतात. या समितीच्या सभेला सात माणसे जमत नाहीत. ज्यांची मुले त्या शाळेत आहेत अशा सभासदांनी, आणि त्याहून अधिक त्यांच्या घरच्या महिलांनी, तिथे बसावे. ऊसतोडीच्या टोळीतल्या एखाद्या आईलाही हंगामात सभेला बोलवावे. तिला मत नसले तरी तिचे ऐकायला हरकत नाही.

आता शेतकी खात्याकडून काय करायचे ठरले आहे ते सांगतो. येत्या हंगामापासून कोयता नोंदणीच्या अर्जावर एक रकाना वाढविला आहे. कोयत्यासोबत येणारी तीन ते सहा वयाची मुले किती, सहा ते चौदा वयाची किती, मूळ शाळा कोणती. मुकादमाने तो भरल्याशिवाय नोंदणी पुरी धरली जाणार नाही. गटाचे कर्मचारी टोळी उतरल्यापासून तीन दिवसांत ती यादी जवळच्या मुख्याध्यापकांना आणि अंगणवाडी ताईंना नेऊन देतील आणि एक प्रत केंद्रप्रमुखांकडे. टोळीचा फड हलणार असेल तर आदल्या दिवशी शाळेला निरोप जाईल, म्हणजे गुरुजींना पुढच्या शाळेच्या नावे चिठ्ठी देता येईल.

सभासदांनी करायच्या गोष्टी थोड्या आहेत पण त्या त्यांनाच करता येतात. टोळीच्या कोप्यांसाठी जागा तुम्ही देता. ती शक्यतो शाळेच्या बाजूच्या शिवारात, मोठा रस्ता न ओलांडता जाता येईल अशी द्या. कोप्यांशेजारी पाण्याचा एक नळ किंवा टाकी द्या. लांबून पाणी भरण्याचे काम मुलीवरच पडते आणि शाळेची वेळ त्यातच जाते. चौदा वर्षांखालच्या लेकराला वाढे गोळा करायला, गुरे राखायला, मोळ्या ओढायला बोलावू नका. कायद्यानेही ते चालत नाही आणि त्याचे जे काही दहा-वीस रुपये तुम्ही देता त्याने त्याच्या घरची उचल फिटत नाही. शाळेत पोषण आहारासाठी महिनाभराचा भाजीपाला पुरवण्याची ऐपत आपल्या कार्यक्षेत्रातल्या कितीतरी बागायतदारांना आहे. वांगी, पालक, शेवगा बांधावर वाया जातो. दहा ताटे वाढली म्हणून स्वयंपाकीण बाईंची ओढाताण झाली तर त्या दहा ताटांची भाजी आपल्या मळ्यातून जाऊ द्या.

आपल्या तांड्यांवरून बाहेर जाणाऱ्या टोळ्यांचा प्रश्न आपल्या हातात तितका नाही. तरी ज्या सभासदांची तांड्यावर ऊठबस आहे त्यांनी नाईक-कारभाऱ्यांशी दसऱ्यापूर्वीच बोलावे. कोणाची आजी घरी राहते, कोणाचे लेकरू तिच्याजवळ राहू शकते, हंगामी वसतिगृहासाठी शाळेने प्रस्ताव दिला आहे की नाही, हे विचारावे. प्रस्ताव दिवाळीनंतर गेला तर मंजुरी होळीला येते. होळी हा तांड्याचा मोठा सण, तोवर माणसेच परत यायला लागतात.

नोंदणीचे नवे अर्ज सर्व गट कार्यालयांत पोचले आहेत. ज्या गावात शाळेपासून कोप्यांची जागा एक किलोमीटरहून लांब आहे तिथल्या सभासदांनी लागण नोंदीच्या वेळीच गट अधिकाऱ्यांना सांगावे, म्हणजे तोडणी कार्यक्रम लावताना टोळी कुठे उतरवायची ते आधी पाहता येईल. अंगणवाडीची वेळ आणि शाळेची वेळ गावागावांत थोडी वेगळी असते, तीही कळवावी. मार्चमध्ये ऊन वाढले की शाळा सकाळची होते, तेव्हा फडावरून लेकरे आणण्या-सोडण्याची वेळ बदलेल, हे मुकादमांना आधीच सांगून ठेवावे. पाचटावरचा लेख पुढच्या अंकात.